सेबीचं ‘स्कोर्स’ तक्रार पोर्टल: इंदूरकरांच्या किती कामाचं?

विजयनगर भागातून फोन करून शेअरबाजाराच्या टिप्स विकण्याचा धंदा इंदुरात वर्षानुवर्षं चालला आहे. शेअरबाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीचे आदेश चाळले तर इंदूरचा पत्ता वारंवार भेटतो आणि ठपकेही बहुधा तेच असतात: नफ्याची हमी, एका ग्राहकाच्या गळ्यात एकावर एक पॅकेजं, निवृत्त माणसाला ऑप्शनसारख्या जोखमीच्या सौद्यांचे सल्ले. रामबाग, लोकमान्यनगरातली पेन्शनर मंडळी या फोनवाल्यांची आवडती गिऱ्हाईकं. त्यामुळे सेबीचं तक्रार पोर्टल चालतं कसं, हा इथे घरगुती प्रश्न आहे.

स्कोर्स २०११ पासून आहे. १ एप्रिल २०२४ ला त्याची दुसरी आवृत्ती आली आणि खरा फरक तेव्हा पडला. सेवा फुकट आहे. पॅन, जन्मतारीख, मोबाइल आणि ईमेल देऊन नोंदणी होते. पॅनवरचं नाव आणि केवायसीतलं नाव जुळत नसेल तर गाडी इथेच अडते. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही यावर बँक, पॅन आणि आधार तिघांचं तीन तऱ्हेचं मत असतं, म्हणून ते आधी दुरुस्त करून घ्यावं.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी करायची, तिने फेटाळली, उत्तर दिलं नाही किंवा समाधान झालं नाही की मग स्कोर्सवर. आणि हे सगळं घटनेपासून एका वर्षाच्या आत. ‘पुढच्या महिन्यात रिकव्हरी करून देतो’ म्हणत कंपनी गिऱ्हाइकाला झुलवत ठेवते, त्यामागे हे एक वर्ष उलटवण्याचा फायदा असतोच. फोनवर भांडण्यात काहीच अर्थ नाही. एक ईमेल टाका, तारीख पक्की होते.

तक्रार दाखल झाली की ती थेट कंपनीकडे जाते आणि तिला २१ दिवसांत कार्यवाही अहवाल द्यावा लागतो. नाही दिला तर तक्रार आपोआप वरच्या पायरीवर सरकते. अहवाल आला पण पटला नाही, तर १५ दिवसांच्या आत फेरविचार मागायचा. तो पहिला फेरविचार सल्लागारांच्या बाबतीत बीएसई (मुंबई शेअरबाजार) करते, म्युच्युअल फंडांसाठी त्यांची संघटना अॅम्फी. त्यावरही समाधान नसेल तर पुन्हा १५ दिवसांत दुसरा फेरविचार, आणि तो सेबीकडे. सगळ्यात जास्त तक्रारदार गळतात ते पहिल्या १५ दिवसांत. कंपनीचं उत्तर चार पानी, कायदेशीर भाषेतलं असतं, ते वाचून माणूस हबकतो आणि तारीख निघून जाते. मग तक्रार ‘निकाली’ दिसते. पोर्टल आठवण देतं, पण ती ईमेलवर, आणि तो ईमेल बऱ्याच घरांत मुलाचा असतो, जो पुण्यात किंवा बंगळुरात नोकरीला आहे.

तक्रार कशी लिहावी यावर निम्मा निकाल ठरतो. ‘माझे अमुक लाख बुडाले’ ही तक्रार होत नाही. बाजार पडला, असं कंपनी एका ओळीत उत्तर देते. नियम कुठे मोडला ते लिहा. गुंतवणूक सल्लागारांचे नियम २०१३ चे आहेत आणि त्यांत पकडण्यासारख्या जागा बऱ्याच आहेत. लेखी करार झाला होता का? जोखीम-तपासणीचा फॉर्म कोणी भरला? पुष्कळदा तो फोनवरच्या मुलाने ‘ओटीपी सांगा काका’ म्हणत भरलेला असतो आणि सत्तर वर्षांच्या गृहस्थाला ‘जास्त जोखीम घेणारा’ ठरवलेलं असतं. फॉर्मची प्रत मागा, त्यातलं उत्पन्न आणि वय खऱ्या आकड्यांशी ताडून दाखवा. ठरावीक फी घेणाऱ्या सल्लागाराला एका कुटुंबाकडून वर्षाला जास्तीत जास्त १,५१,००० रुपये घेता येतात. ही मर्यादा २०२५ पासूनची, त्याआधी १,२५,००० होती. ज्या वर्षाची फी त्या वर्षाची मर्यादा लावा, सगळ्या पॅकेजांच्या पावत्यांची बेरीज तारखेसकट एका कोष्टकात द्या. नफ्याची हमी दिली असेल तर तो व्हॉट्सअॅप संदेश स्क्रीनशॉटने न देता पूर्ण चॅट निर्यात करून जोडा. तुटक स्क्रीनशॉटवर ‘संदर्भ वेगळा होता’ म्हणायला वाव राहतो. आणखी एक हत्यार लोक वापरतच नाहीत: सल्लागाराला ग्राहकाशी झालेल्या सल्ल्याच्या बोलण्याची नोंद किमान ५ वर्षं ठेवावी लागते. कॉलचं रेकॉर्डिंग ईमेलने मागा. दिलं तर पुरावा मिळतो, नाही दिलं तर तक्रारीत एक मुद्दा वाढतो.

एका तक्रारीत एकच संस्था घ्या. ब्रोकर आणि सल्लागार दोघांविरुद्धचा राग एकाच अर्जात ओतला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

पैसे परत मिळवणं हे मुख्य उद्दिष्ट असेल तर २०२३ मध्ये सुरू झालेलं ‘स्मार्ट ओडीआर’ हे ऑनलाइन वाद सोडवण्याचं पोर्टल जास्त उपयोगी. तिथे आधी ऑनलाइन समेट, साधारण २१ दिवसांचा, गुंतवणूकदाराला फी नाही. जमलं नाही तर लवाद, त्याची फी दाव्याच्या रकमेप्रमाणे. मात्र तिकडे गेलात की स्कोर्सवरची चालू तक्रार निकाली धरली जाते. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही.

इथवरच्या कामाला पाचपैकी साडेतीन गुण द्यायला हरकत नाही. मुदती आखलेल्या आहेत, तक्रार कुठे आहे ते दिसतं, आणि तक्रारींकडे दुर्लक्ष करणाऱ्याला सेबी कायद्याच्या कलम १५सी खाली १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो.

पण हे सगळं नोंदणीकृत संस्थेपुरतं. ज्याच्याकडे सेबीचा ‘आयएनए’ने सुरू होणारा सल्लागाराचा नोंदणी क्रमांक नाही, किंवा जो दुसऱ्याचा क्रमांक छापून फिरतो, त्याच्यासाठी स्कोर्समध्ये जागाच नाही. आणि आता इंदुरातला मोठा उपद्रव तोच आहे. विनानोंदणी सल्ला देणं सेबी कायद्याने गुन्हा आहे, शिक्षा १० वर्षांपर्यंत. पण कलम २६ प्रमाणे सेबीने स्वतः तक्रार केल्याशिवाय कोणतंही न्यायालय या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. म्हणून ठाण्यात गेलात तर पोलिस भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ लावतात आणि मग सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता हे सिद्ध करण्यात खटला रुतून बसतो. साधा मुद्दा, की नोंदणी नव्हती, तो ठाणेदाराच्या हातातच नाही.

हा दोष पोर्टल बनवणाऱ्यांचा नाही, तो कायदा करणाऱ्यांचा आहे. संसदेचा इतिहास पाहिला तर कायदा बहुधा वरातीमागून घोडं असा आला: हर्षद मेहताचा घोटाळा उघडा पडला त्याच वर्षी, १९९२ मध्ये, सेबीला वैधानिक अधिकार मिळाले, २००१ च्या केतन पारेख घोटाळ्यानंतर २००२ मध्ये दंड २५ कोटींपर्यंत वाढला, शारदा चिटफंड प्रकरण फुटल्यावर २०१४ ची दुरुस्ती आली, २०१९ मध्ये अनियंत्रित ठेवींवर बंदीचा कायदा झाला. बहुतेक दुरुस्त्या मागच्या घोटाळ्याच्या मापाच्या. ठेवींच्या कायद्यात सल्ल्याची फी बसत नाही, कारण ती ठेव नाही. ‘पैसे द्या, आम्ही फिरवून देतो’ असं म्हणून रक्कम घेतली असेल तरच तो लागू पाडता येतो. आमदार-खासदारांची पत्रं घेऊन फिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: पत्राने २१ दिवसांचे २० होत नाहीत. खासदाराला विचारायचंच असेल तर कलम २६ मध्ये पोलिसांना वाट का नाही, हे विचारा. उत्तरावरून त्यांचा या विषयातला अभ्यास लगेच कळेल.

बिगरनोंदणीवाल्याला पैसे गेले असतील तर स्कोर्सवर वेळ घालवू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, ज्या खात्यात पैसे गेले त्याचा क्रमांक आणि यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच ती परत येण्याची आशा. पैसे देण्याआधीची तपासणी त्याहून सोपी: सेबीच्या संकेतस्थळावर नाव, क्रमांक, पत्ता आणि ईमेल चारही जुळवा, आणि ‘सेबी चेक’वर त्यांचं खातं किंवा यूपीआय घालून पाहा. पावती कंपनीच्या नावाची आणि यूपीआय भलत्याच माणसाच्या नावाचा, असं दिसलं की फोन ठेवून द्या.

डब्ब्यात, म्हणजे एक्सचेंजबाहेर परस्पर, सौदे करणाऱ्यांसाठी मात्र यांतलं काहीच नाही. एक्सचेंजवर सौदा झालेलाच नसतो, त्यामुळे स्कोर्स नाही, ओडीआर नाही, एक्सचेंजचा गुंतवणूकदार संरक्षण निधीही नाही. आणि १९५६ च्या रोखे करार (नियमन) कायद्याच्या कलम २३ खाली डब्बा हा स्वतःच गुन्हा, १० वर्षांपर्यंत कैद किंवा २५ कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही.