यलोस्टोनची ट्रिप: फ्लाय शॉप बोझमनचं धरावं की वेस्ट यलोस्टोनचं?

जुलै-ऑगस्टमध्ये रॉड घेऊन अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला फ्लाय फिशिंगसाठी (गळावर बांधलेल्या कृत्रिम किड्याने, म्हणजे ‘फ्लाय’ने, मासेमारी) निघालात की हा प्रश्न येतोच. विमान उतरतं मोंटाना राज्यातल्या बोझमनला, आणि तिथे मोठी, नावाजलेली फ्लाय शॉप्स, म्हणजे या मासेमारीच्या सामानाची दुकानं, आहेत. मुक्काम मात्र बहुतेकांचा साधारण 90 मैल पुढे, पार्कच्या पश्चिम दरवाज्याशी, वेस्ट यलोस्टोनला असतो. तिथली दुकानं आकाराने लहान, पण नद्यांना खेटून. रॉड-रीलचे ब्रँड दोन्हीकडे तेच, फ्लायचे भावही जवळपास सारखे, त्यामुळे त्यात शिरत नाही. मला फरक जाणवला तो एवढाच, की काउंटरमागचा माणूस आदल्या संध्याकाळी कुठल्या पाण्यात उभा होता.

बोझमनच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. भाड्याने वेडर्स (पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार) घ्यायचे असतील तर मापं तिथेच मिळतात. वेस्ट यलोस्टोनला (पुढे नुसतं ‘वेस्ट’) भर सीझनमध्ये लहान पायांचे बूट आणि मुलांचे वेडर्स सकाळी लवकर संपतात. बरोबर कोणी पहिल्यांदाच रॉड हातात घेणारं असेल, तर बोझमनला तासभर कास्टिंग (दोर फेकणं) शिकवून घेता येतं. आणि बोटीतून मासेमारी करायची असेल तर पार्कच्या आतल्या नद्यांवर ती करताच येत नाही. लिव्हिंग्स्टनजवळची यलोस्टोन नदी किंवा मॅडिसन नदीचा खालचा भाग (लोअर मॅडिसन) ही बोझमनच्या गाइडांची रोजची ठिकाणं. ट्रिपचा मुख्य दिवस ड्रिफ्ट बोटीतला असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, बोझमनच धरा.

मी तसंच धरलं होतं. एका जुलैच्या अखेरीस तिथल्या एका मोठ्या दुकानात सांगितलं, की उद्यापासून पार्कमधल्या फायरहोल नदीवर जायचंय. काउंटरवरच्या तरुणाने हसतमुखाने फ्लाय काढून दिल्या, टिपेट (दोराच्या टोकाचा बारीक धागा) दिलं, नकाशावर दोन जागा दाखवल्या. सगळं नीट, आदबीने. एक गोष्ट तेवढी त्याने सांगितली नाही: जुलैच्या अखेरीस फायरहोलवर जायचं नसतं.

फायरहोल ही गायझरांच्या (उकळत्या पाण्याच्या कारंज्यांच्या) मधून वाहणारी नदी. ओल्ड फेथफुलपासून खाली कितीतरी ठिकाणी उकळतं पाणी थेट पात्रात पडतं. जूनमध्ये आणि मग सप्टेंबरपासून ती अप्रतिम असते. मधल्या उन्हाळ्यात ती तापते. पाण्याने 68 अंश फॅरनहाइट ओलांडलं की ट्राउटला त्रास सुरू होतो, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. अशा वेळी दमवून सोडलेला मासा पोहत निघून गेला, तरी पुढे जगेलच असं नाही. त्या दिवशी दुपारी माझा थर्मामीटर 75 च्या वर गेला. थंड ओहोळ नदीला मिळतो त्या तोंडाशी ट्राउट एकाला एक लागून उभे होते, कल्ले भराभर हलत होते. पकडायला गेलो असतो तर सोपं होतं. रॉड उतरवून परत आलो. नदी अधिकृतपणे बंद झालेली नव्हती, म्हणजे नियमाने त्या दुकानाचं काहीच चुकलं नव्हतं. पण मला ते फार लागलं. दुकानात कोणी ‘फायरहोल’ म्हणालं की ‘कधी?’ हा प्रश्न आधी यायला हवा, विक्री नंतर. कदाचित तो मुलगा नवा असेल, कदाचित त्या दिवशी गर्दी होती. त्यावरून सगळ्या बोझमनला दोष देणार नाही. तरी तेव्हापासून मी सल्ला तिथे विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेस्टमधल्या एका लहान दुकानात गेलो. तिथल्या वयस्कर गृहस्थांनी ‘फायरहोल’ हा शब्द पुरता ऐकूनही घेतला नाही. “नको. गॅलेटिन नदीवर जा, पार्कच्या आतला वरचा भाग. पण नऊच्या आधी उतरू नका, पाणी फार गार असतं.” स्प्रूस मॉथ (एक पतंग) आणि मुंग्यांच्या रूपाच्या मोजक्या फ्लाय त्यांनी चिमट्याने उचलून डबीत टाकल्या. त्याआधी प्रत्येक गळाचा उलटा काटा फोर्सेप्सने दाबून सपाट केला, कारण पार्कमध्ये काट्याचा गळ चालत नाही. माझ्या बुटांचे तळही पालथे करून पाहिले. फेल्टच्या (नमद्याच्या) तळव्यांना पार्कमध्ये 2018 पासून बंदी आहे. मी जास्त फ्लाय मागितल्या तर म्हणाले, एवढ्या पुरे. त्या दिवशी गॅलेटिनवर कटथ्रोट (ट्राउटची एक जात) लागले, मोठे नव्हते, पण थंड पाण्यातले, हातातून उसळी मारून जाणारे.

वेस्टची आणखी एक जमेची बाजू म्हणजे तिथल्या माणसांना हद्दीच्या दोन्हीकडचे नियम तोंडपाठ असतात. मोंटानाचा परवाना पार्कमध्ये चालत नाही, पार्कचा वेगळा घ्यावा लागतो. कडक उन्हाळ्यात मोंटानात मासेमारी दुपारी दोन ते मध्यरात्र बंद करतात, पार्कमध्ये दोन ते दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत. गॅलेटिनवर हायवेने जाताना तुम्ही ही हद्द ओलांडता तेव्हा ते ध्यानातही येत नाही, आणि संध्याकाळचा बेत त्यावरच अवलंबून असतो.

वेस्टची अडचणही सांगायला हवी. सकाळी सातला दुकानात उभं राहायला जागा नसते, आणि शांतपणे बोलायला वेळ मिळत नाही. गाइड हवा असेल तर कित्येक महिने आधी ठरवावा लागतो. मी आदल्या दिवशी दुकान बंद व्हायच्या सुमारास जातो. तेव्हा गाइड नद्यांवरून परतलेले असतात, आणि त्या दिवशीची खरी खबर तुमच्यासमोरच काउंटरवर सांगितली जाते.

मॅडिसनकाठच्या एनिस गावाचा पर्याय कोणी विचारेल. जूनच्या अखेरीस सॅल्मनफ्लायसाठी (तेव्हा नदीवर निघणारा मोठा किडा) मॅडिसनवर येत असाल तर जरूर. पार्कमध्ये मासेमारी करायची असेल तर ते लांब पडतं.

तर माझ्यापुरतं असं आहे: वेडर्स आणि मुलांचं सामान बोझमनला उतरल्या उतरल्या घ्यावं, आणि फ्लायची डबी रिकामी ठेवूनच वेस्टला पोहोचावं. तिथे दुकानात शिरल्यावर अमुक नदीवर जायचंय असं सांगू नका, उद्या कुठे जाऊ नये ते आधी विचारा. त्या उत्तरावरून दुकान पारखता येतं. बोझमनला हेच विचारून तुम्हाला नीट उत्तर मिळालं तर उत्तमच, मग वेस्टला फक्त परवाना आणि नकाशा घ्या. मला मात्र ते आजवर वेस्टलाच मिळालं आहे.