आढे, वासे, रिपा : कौलारू छपराच्या दुरुस्तीचा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या वडिलोपार्जित घराचे छप्पर गेल्या उन्हाळ्यात तालुक्यातील एका सुतार पथकाकडून दुरुस्त करून घेतले. छपराची पारख पावसातच होते, म्हणून हा अभिप्राय पावसाळा उलटल्यावर लिहीत आहे.

त्यांच्याआधी आम्ही एका ठेकेदाराला बोलावले होते. त्याने अंगणातूनच वर पाहिले, सगळे लाकूड उतरवून लोखंडी अँगल आणि पत्रे घालण्याचा सल्ला दिला आणि एकरकमी आकडा सांगितला. सुतारांनी मात्र शिडी लावून अर्धा दिवस आढ्याखाली काढला आणि खाली उतरल्यावर मला माजघरात उभे करून एकेका लाकडाचे नाव व काम समजावून दिले. माझ्या मते या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग हाच होता.

छपराच्या माथ्यावर घराच्या लांबीभर जाते ते आढे. आढ्यापासून भिंतीच्या माथ्यापर्यंत उतरत येतात ते वासे आणि वाशांवर आडव्या ठोकतात त्या रिपा. आमच्याकडे त्या पोफळीच्या आहेत. मंगलोरी कौलाचा ओठ रिपेला अडकत असल्यामुळे दोन रिपांमधले अंतर कौलच ठरवते आणि ते साधारण 1 फूट भरते. एका चौरस मीटरला सुमारे 15 कौले लागतात. हा सगळा भार रिपांवरून वाशांवर आणि वाशांवरून आढे व भिंती यांच्यावर जातो. शिवाय पावसात कौल पाणी पिते, तेव्हा तो आणखी वाढतो. छपराच्या एका उताराला पाखे म्हणतात, दोन पाखी कोपऱ्यावर मिळतात तिथला तिरका, जाड वासा म्हणजे कोनवासा, आणि वाशांची टोके भिंतीबाहेर येतात तिथली खालची जागा म्हणजे वळचण.

मला खरे कोडे होते ते तुळईचे. समोरासमोरच्या दोन भिंतींना जोडणारे हे जाडजूड लाकूड केवळ माळा पेलण्यासाठी असते, असे मी समजत होतो. आमच्या घरात प्रत्येक तुळईच्या मध्यावर एक ठेंगणा खांब उभा आहे आणि आढे त्याच्या डोक्यावर टेकलेले आहे. आढे जागेवर असेपर्यंत वासे त्याच्या आधाराने राहतात. ते खचले की वाशांची खालची टोके भिंतींना बाहेर लोटू लागतात. मागच्या भिंतीला वरच्या अंगाला गेलेली चीर आम्ही दोनदा बुजवली होती. तिचे मूळ मधल्या खणातील ठेंगण्या खांबाचा वाळवीने पोखरलेला पाय हे होते, आणि तिथे आढे दोन इंच खाली आले होते.

हे कळल्यावर त्यांनी दिलेले अंदाजपत्रक मला वाचता आले. त्यात 64 पैकी 17 वासे, तो एक खांब, पुढच्या पाख्याच्या सर्व रिपा आणि त्यांना लागणारे लाकूड घनफुटांत वेगवेगळे मांडले होते. जुने सागवानी आढे त्यांनी धिरे, म्हणजे खालून टेकू, देऊन उचलले, पण बदलले नाही. नव्या खांबाच्या जोडाला खाच पाडून लाकडी खुंटी मारली, तीही नेटकी.

उणिवाही सांगायला हव्यात. नव्या वाशांसाठी आणलेले ऐनाचे लाकूड पुरेसे वाळलेले नव्हते. तीन वासे महिनाभरात वाकले आणि आमच्या तक्रारीनंतर ते विनामूल्य बदलून मिळाले. रिपांच्या टोकांना आधी भोक न पाडता खिळे ठोकल्याने काही रिपा चिरल्या. काम ठरल्यापेक्षा 19 दिवस लांबले आणि मृगाचा पहिला पाऊस आम्हाला ताडपत्रीखाली काढावा लागला. ज्यांच्या घरात वृद्ध माणसे असतील, त्यांनी काम होळीनंतर लगेच सुरू करून घ्यावे आणि लाकूड त्याच्याही बरेच आधी विकत घेऊन सावलीत रचून ठेवावे.

गणपतीत घरी गेलो तेव्हा आढ्याखाली दोरी ताणून पाहिली. मधल्या खणातही ती सरळ लागली. भिंतीची चीर वाढलेली नाही. पडवीच्या कोनवाशाजवळ मात्र एक कौल अजून गळते, आणि पुढच्या शाकारणीला, म्हणजे पावसाआधी कौले नीट बसवतात तेव्हा, ते आपण स्वतः येऊन बसवू, असे मुख्य सुतारांनी कळवले आहे.