कॉड मासा: कॅनडाची बंदी की आइसलँडचा कोटा?

बेळगावात मासा येतो कारवार, गोवा, मालवणकडनं. समुद्र आपल्या जिल्ह्यात नाही, पण तिकडं बांगडा कमी मिळाला की इथं बाजारात लगेच कळतंय बघा. म्हणून उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या या दोन गोष्टी.

कॅनडाचं न्यूफाउंडलँड. १९६८ मध्ये तिथं जवळपास ८ लाख टन कॉड काढला, बाहेरच्या देशांचे मोठमोठे ट्रॉलर येऊन ओढत होते, नंतर ते गेले तर कॅनडाच्याच लोकांनी तेच चालू ठेवलं, छोट्या होडीवाले किनाऱ्यावरनं ओरडून सांगत होते की मासा बारीक व्हायलाय, कमी व्हायलाय, पण ऐकलं कुणी नाही. शेवटी जुलै १९९२ मध्ये कॉड धरायलाच बंदी, सुमारे ३० हजार लोकांचं काम एका झटक्यात गेलं. दोन वर्षांसाठी म्हणाले होते, उठली २०२४ ला. गावंच्या गावं रिकामी झाली, हे वाचताना पोटात कालवतंय.

आइसलँडनं १९८४ पासनं कॉडला बोटीवार कोटा लावला, म्हणजे कुठल्या बोटीनं किती मासा काढायचा ते ठरवून दिलं, मासा टिकला. पण कोटा विकता येतो ना, मग मोठ्या कंपन्यांनी घेतला आणि वायव्येच्या वेस्टफ्योर्ड्स भागातल्या काही बारक्या गावांत बोटी आहेत, हक्क नाही. २००९ पासनं उन्हाळ्यात छोट्या बोटींना वेगळी सूट दिलीय, ती थोडीच.

मला विचाराल तर कोटाच बरा, मासा राहिला तर भांडायला तरी काहीतरी उरतंय. फक्त तो गावाच्या नावावर पाहिजे, विकता येऊ नये.