टॉवेल निर्यात: भाव एफओबी द्यावा की सीआयएफ?

बायर सीआयएफ भाव, म्हणजे जहाजाचं भाडं आणि विमा धरून भाव, मागतो आणि ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून आपले सोलापूरचे छोटे कारखानदार तो देऊन टाकतात. जहाजाची भाडी वरखाली होत असताना माझं मत साफ एफओबीच्या, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च धरणाऱ्या भावाच्या, बाजूचं आहे.

सीआयएफमध्ये जहाजाचं भाडं आणि विमा आपण भरतो. बुकिंग आपल्या हातात राहतं, एका लाइनकडे (जहाज कंपनीकडे) जागा नसेल तर दुसरी बघता येते, हा फायदा मोठाच. पण लाइनचा दर जेमतेम पंधरवडा-महिनाभर टिकतो, आणि सूत आणण्यापासून पॅकिंगपर्यंत दीड-दोन महिने सहज जातात. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, बहुतेक मोठ्या लाइन्स सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. युरोपची फेरी साधारण 10 ते 14 दिवसांनी लांबली, भाडं काही पटींनी चढलं. आधीच सीआयएफ भाव देऊन बसलेल्याला हा फरक नफ्यातूनच भरावा लागतो. त्यात टॉवेल फुगीर माल. 20 फुटी कंटेनरमधली सुमारे 33 घनमीटर जागा भरते, तरी वजन मर्यादेच्या बरंच खाली असतं. म्हणून वाढीव भाडं किलोमागे जास्त बसतं.

विमाही नीट बघा. सीआयएफला किमान ‘क्लॉज सी’ (सगळ्यात कमी संरक्षणाचा विमा) चालतो, पण त्यात चोरी किंवा पावसाने भिजणं येत नाही. ओल लागलेला टॉवेल कोण घेणार? सगळ्यात व्यापक संरक्षणाचा ‘क्लॉज ए’च घ्यावा.

एफओबीत न्हावा शेवाला माल जहाजावर चढला की पुढचं भाडं बायरचं. जोखीम सीआयएफमध्येही तिथेच सरकते, हे अनेकांना ठाऊक नसतं. एफओबीची अडचण वेगळीच. बुकिंग बायरच्या फॉरवर्डरचं (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटचं) असतं. त्याने कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला, तरी एलसीतली (बँकेच्या पैसे देण्याच्या हमीपत्रातली) शिपमेंटची शेवटची तारीख हलत नाही आणि बँक कागद अडवते. यासाठी तारखेत दोन-तीन आठवड्यांची ढील ठेवा.

कंटेनरच्या मालाला खरं तर एफसीए जास्त योग्य: वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की आपली जबाबदारी संपली. एलसीला ऑन-बोर्ड बिल (माल जहाजावर चढल्याची लाइनची पावती) लागत असेल, तर ते देण्याची सूचना बायरने लाइनला करावी, असं करारात लिहून घ्या. इन्कोटर्म्स 2020 मध्ये, म्हणजे या व्यापारी अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, ही सोय आहे.

जुनी पार्टी सीआयएफवरच अडून बसली, तर भाडं वेगळ्या ओळीत दाखवा आणि ‘शिपमेंटच्या दिवशीच्या दराने’ असं कोटेशनमध्येच लिहा.