नाशिकसाठी घरी बांधायचं विमान: ‘तासाला किती लिटर’ एवढ्यावर किट निवडू नका

इंधन महागलं की विमान बांधू पाहणारा माणूस आधी एकच आकडा विचारतो: तासाला किती पितं? पण आपल्याला जायचं असतं गावाला, त्यामुळे हिशेब अंतरावर करायला हवा. खालची चारही किटं (घरी जोडायच्या विमानांच्या सुट्या भागांचे संच) दोन आसनांची आणि अॅल्युमिनियमची. आकडे ढोबळ आहेत. वजन, प्रोपेलर आणि बांधणीच्या सफाईनुसार थोडे इकडेतिकडे होतात.

| विमान | इंजिन | किमी/तास | लिटर/तास | लिटर/१०० किमी |
|---|---|---|---|---|
| व्हॅन्स आरव्ही-९ए, ७५% शक्तीवर | लायकमिंग ओ-३२०, १६० एचपी | ३०० | ३३ | ११ |
| तेच, ५५% शक्तीवर | तेच | २७० | २३ | ८.५ |
| व्हॅन्स आरव्ही-१२ | रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० एचपी | २१० | १९ | ९ |
| सोनेक्स | एरोव्ही, ८० एचपी | २०० | १६ | ८ |
| झेनिथ सीएच ७५० स्टॉल (आखूड धावपट्टीचं) | रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० एचपी | १६० | १९ | १२ |

आरव्ही-१२ आणि झेनिथ यांचं इंजिन एकच, तासाचा खर्चही तोच. तरी झेनिथ दर किलोमीटरला तिसऱ्या हिश्शाने जास्त पितं. तिचे जाड पंख आणि त्यांच्या पुढच्या कडेच्या पट्ट्या (स्लॅट) शेतातल्या आखूड पट्टीवरून उठण्यासाठी आहेत, लांब पल्ल्यासाठी नाहीत. दुसरी गंमत आरव्ही-९एची. थ्रॉटल मागे घेतला की ‘खादाड’ १६० एचपीचं विमान आरव्ही-१२च्या बरोबरीला येतं. वर्षाला १०,००० किमी उडलात तरी सोनेक्स आणि आरव्ही-१२ यांच्यात फरक पडतो १०० लिटरचा. तेवढ्यासाठी किट बदलू नये.

खरा फरक इंधनाच्या जातीचा. लायकमिंग सहसा एव्हगॅस १००एलएलवर, म्हणजे विमानांसाठीच्या शिसं घातलेल्या पेट्रोलवर चालवतात. रोटॅक्स ९१२ यूएलएसला ९५ ऑक्टेनचं पंपाचं पेट्रोल चालतं, आणि ‘स्वस्तात उडा’ हा सल्ला तिथूनच येतो. नाशिकमध्ये तो जसाच्या तसा लागू होत नाही. पंपावरचं साधं पेट्रोल आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे आणि रोटॅक्सची परवानगी १० टक्के इथेनॉलपर्यंतच. लायकमिंगला तर इथेनॉल अजिबात नको. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, पाणी वाढलं की टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, जुन्या रबरी नळ्या आणि ओ-रिंगा फुगवतं. शिवाय लिटरमागे ऊर्जा कमी, म्हणजे पल्लाही कमी.

पंपावरची पाटी वाचून विश्वास ठेवू नका. १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी घ्या, वर ९० मिली पेट्रोल ओता, तोंड बंद करून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. पाण्याचा थर १० मिलीवरच राहिला तर पेट्रोल बिनइथेनॉलचं. ई२० असेल तर थर दुपटीहून जास्त होतो. दर वेळी नवा कॅन आणला की ही चाचणी करायचीच.

चालण्याजोगं पेट्रोल मिळालं नाही तर रोटॅक्सही एव्हगॅसवर चालवावं लागतं. चालतं, पण त्यातलं शिसं तेलाच्या टाकीत आणि गिअरबॉक्समध्ये साचतं. ३० टक्क्यांहून जास्त वेळ एव्हगॅस वापरलं तर तेल १०० ऐवजी ५० तासांनी बदलावं लागतं. हा खर्च लिटरच्या हिशेबात कोणी धरत नाही. आरव्ही-१२आयएसमधलं इंजेक्शनचं ९१२ आयएस आणखी कमी पितं. मात्र ते पूर्णपणे विजेवर अवलंबून आहे.

आता उन्हाळा. नाशिकजवळच्या ओझर विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर. पारा ४०ला टेकला की तिथली हवा साधारण ५,५०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. १०० एचपीचे ८५ उरतात, ८०चे ६८. सोनेक्सचं परवानगीचं वजन ५०० किलोच्या आसपास. त्यातून रिकामं विमान आणि भरलेली टाकी वजा केली की दोन माणसांसाठी पावणेदोनशे किलोही जेमतेम उरतात. अशा दुपारी त्र्यंबकच्या डोंगरांकडे तोंड करून चढणं शहाणपणाचं नाही. फोक्सवॅगनवर बेतलेलं एरोव्ही हवेवर थंड होतं, त्यामुळे सिलिंडर हेड चटकन तापतात. बॅफलच्या (इंजिनभोवती हवा वळवणाऱ्या पत्र्यांच्या) फटी उष्णतारोधक सिलिकॉनने बुजवा आणि चढताना नाक थोडं खाली ठेवा. एकट्याने, सकाळी सातच्या आत उडणार असाल तरच सोनेक्स घ्या.

बांधणीत आरव्ही-१२ सर्वांत सोपं: बहुतेक पॉप रिव्हेट (एका बाजूने ओढून बसवायचे), भोकं आधीच पाडलेली. आरव्ही-९एला ठोकायचे घन रिव्हेट हजारोंनी लागतात आणि मागून बकिंग बार (टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा) धरायला दुसरा माणूस लागतो. इथे नाशिकचा फायदा आहे. ओझरच्या एचएएल विमान कारखान्यात ज्यांनी आयुष्यभर हेच काम केलं, अशा निवृत्त फिटरकडून शिकून घ्या. सातपूर-अंबडला पत्रा वाकवून मिळेल. पण किटमधला २०२४-टी३ (विमानासाठीच्या अॅल्युमिनियम मिश्रधातूचा) पत्रा किंवा एएन (विमानाच्या दर्जाचे) बोल्ट संपले म्हणून बाजारातला ‘तसाच दिसणारा’ माल लावू नका.

दोघांनी लांब जायचं असेल आणि एव्हगॅसची सोय असेल तर आरव्ही-९ए घ्यावं आणि ५५ टक्क्यांवर उडवावं. जवळपास उडायचं आणि बिनइथेनॉलचं पेट्रोल नक्की मिळणार असेल तर आरव्ही-१२. झेनिथ फक्त स्वतःची पट्टी असेल तर.

किटचे पैसे भरण्याआधी डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडे) अर्जाची चौकशी करा आणि विमान ठेवायची जागा लेखी मिळवा. ओझरचा विमानतळ एचएएलचा, गांधीनगरचा लष्कराचा, आणि देवळालीला तोफखान्याची गोळीबार क्षेत्रं आहेत. तिथल्या आकाशात मनाला येईल तेव्हा उडता येत नाही. तळ धुळ्याला किंवा जळगावला मिळाला, तर दर वेळी तिथवर गाडीने जायचं पेट्रोलही याच हिशेबात धरा.