ऑफिसातला फायरवॉल, आठ महिन्यांनंतर: सगळे खूश होते तेव्हाच खरा घोळ होता

सांगलीत आमचं सीएचं ऑफिस, १४ मशीन, टॅलीचा एक सर्व्हर, आणि मला कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं म्हणून अख्खं नेटवर्क माझ्या गळ्यात. मे महिन्यात फायरवॉलचा डबा घेतला, म्हणजे ऑफिसच्या नेटवरून आत-बाहेर काय जातं ते तपासून अडवणारा. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा राग डब्यापेक्षा तो बसवून गेलेल्या डीलरवर जास्त आहे. आमचे सर, म्हणजे ऑफिसचे मालक, किमतीला तयारच होत नव्हते, १८ टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळतंय म्हटल्यावर झाले.

घेतला का, तर सरांना रात्री घरून टॅली बघायची सवय आणि त्यासाठी जुन्या राउटरवर ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, बाहेरून सर्व्हरवर यायचं दार) सरळ उघडा ठेवलेला. एक दिवस सहज सर्व्हरच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर ४६२५, ४६२५, ४६२५, खाली जाईन तसं तेच. फेल्ड लॉगिन. रात्री अडीच वाजता कोणीतरी ॲडमिनिस्ट्रेटर या नावानं पासवर्ड मारत बसलेलं. पोटात गोळाच आला, आत शंभरेक पार्ट्यांची खाती आहेत.

पहिला महिना म्हणजे नुसता तमाशा. उत्साहाच्या भरात सगळंच चालू केलं, वेब फिल्टर, ॲप कंट्रोल, एसएसएल इन्स्पेक्शन (कुलूपबंद ट्रॅफिक उघडून तपासणं). नेट घोड्यावरून बैलगाडीवर आलं. खोक्यावर गिगाबिटचे आकडे असतात ते नुसता ट्रॅफिक पास करायचे, उघडून तपासायला लावलं की डब्याचा दम लागतो, हे घेताना कोणी सांगत नाही. आर्टिकलची (सीए शिकणारी) पोरं तोंडावर काही बोलायची नाहीत, पाठीमागं 'तुरुंग' म्हणायची.

मग २० जून. थ्रीबी या जीएसटी रिटर्नचा शेवटचा दिवस, दुपारचे चार, आणि काकूंच्या मशीनवर डीएससी (डिजिटल सही) लागेना. काकू आमच्याकडं २२ वर्षं आहेत, त्यांचा आवाज चढला की सरसुद्धा केबिनचं दार लावून घेतात. डीलरच्या इंजिनिअरला फोन लावला, तो एनीडेस्कवरून (दुरून मशीन चालवायचं ॲप) आला, दहा मिनिटं काहीतरी केलं आणि 'झालं सर, चेक करा'. झालंच की! डीएससी लागली, नेट पळायला लागलं, कोणाची तक्रार नाही. मी दोन मित्रांना सांगितलंसुद्धा की हाच डबा घ्या डोळे झाकून.

ती शिफारस मागं घेतो.

जुलैच्या मध्यात नवीन प्रिंटरसाठी रूल टाकायला डब्याचं सेटिंगचं पान उघडलं. सगळ्यात वर एक रूल, नाव 'टेस्ट'. सोर्स एनी, डेस्टिनेशन एनी, सर्व्हिस एनी, अलाऊ, म्हणजे कोणीही कुठंही काहीही जाऊ दे. शेजारच्या काउंटरवर १६० जीबी, आणि त्याच्या खालच्या माझ्या सगळ्या रूलवर शून्य, शून्य, शून्य. रूल वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला की पुढं कोणी बघत नाही, म्हणजे जवळजवळ महिनाभर आम्ही पैसे देऊन काही न तपासता नुसती जोडणी करणारा एक महागडा स्विच चालवत होतो. नशीब, ३३८९ चा पोर्ट फॉरवर्ड आधीच काढला होता, नाहीतर बाहेरच्यालाही दार उघडंच होतं. फोन केला तर म्हणतो कसा, 'सर ते टेंपररी होतं, तुम्ही काढायला पाहिजे होतं.' मला सांगितलं असतंस तर काढलं असतं ना बाबा!

वर कहर म्हणजे त्या रूलची गरजच नव्हती. ऑगस्टमध्ये डीएससी परत अडली तेव्हा नीट बघितलं. जीएसटीचा एमसाइनर (डिजिटल सही करणारा प्रोग्राम) त्याच मशीनच्या आत १२७.०.०.१ वर १५८५ पोर्टला बोलतो, ते बोलणं फायरवॉलपर्यंत येतच नाही. एमसाइनर बंद करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केला, चाललं. त्या दिवशी इंजिनिअरनं हेही केलं असणार, आणि श्रेय गेलं एनी-एनीला. फायरवॉलला घातलेल्या शिव्यांमधल्या निम्म्या तरी अशाच फुकटच्या होत्या.

आता सेटिंग माझं मी केलंय. बँका, जीएसटी, इन्कम टॅक्स, ट्रेसेस (टीडीएसची साइट) यांचं इन्स्पेक्शन बंद. फोन आणि पार्ट्यांची माणसं वेगळ्या गेस्ट वायफायवर, तिथून सर्व्हर दिसतच नाही. आधी फोन मॅक ॲड्रेसवरून (वायफायवर दिसणारा फोनचा ओळख नंबर) ओळखायचा प्रयत्न केला होता, पण हल्लीचे अँड्रॉइड आणि आयफोन वायफायला खोटा मॅक देतात, त्या यादीत दोन रविवार वाया गेले.

पण माझ्या मते या डब्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे साइट ब्लॉक झाली की दिसणारं ते पान. हसू नका. आधी तिथं इंग्रजीत दोन ओळी यायच्या, 'ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा' अशा अर्थाच्या, आता तो कोण ते काकूंना काय माहीत. त्यात साइट एचटीटीपीएस असली आणि मशीनवर डब्याचं सर्टिफिकेट (ब्राउझरनं डब्यावर विश्वास ठेवावा म्हणून टाकायचं) नसलं की ते पानही नाही, ब्राउझरची लाल वॉर्निंगच. काकू त्यावर ॲडव्हान्स्ड, प्रोसीड दाबायला शिकल्या, पोरांनाही शिकवलं, म्हणजे सुरक्षेसाठी आणलेल्या वस्तूनं ऑफिसला धोक्याची पाटी ओलांडायची सवय लावली. आणि तेही नाही जमलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट. एकदा तीन मशीन काकूंच्या फोनवर चाललेली पकडली, तिथं कसला फायरवॉल अन् कसलं काय.

मग १४ मशीनवर सर्टिफिकेट टाकत बसलो, फायरफॉक्सला वेगळं तपासावं लागलं कारण तो स्वतःची यादी ठेवतो. आणि ब्लॉकचं पान मराठीत लिहिलं: 'ही साइट ऑफिसात बंद आहे. कामासाठी हवी असेल तर २३ नंबर फिरवा, दहा मिनिटांत उघडून देतो.' खाली साइटचं नाव आणि बंद का ते. पहिल्या आठवड्यात रोज सात-आठ फोन, आता आठवड्याला एखादा. हॉटस्पॉट बंद झाले. सगळ्या खर्चात हे एकच काम फुकटात झालं.

सरांची कुरकुर मात्र चालूच आहे, घरून ऑफिसात यायच्या व्हीपीएनला (सुरक्षित रस्त्याला) दरवेळी ओटीपी लागतो म्हणून. 'माझ्याच ऑफिसात यायला मला परवानगी?' रोज. तो ओटीपी मी काढणार नाही, ४६२५ ची ती रांग मी बघितलीय.

रिन्यूअलचं कोटेशन आलंय, लायसन्सचंच डब्याच्या निम्म्याहून जास्त होतंय. डीलर तीन वर्षांचं घ्या म्हणतोय, मी एकाच वर्षाचं घेणार. आणि एनीडेस्कचा नंबर यापुढं मी स्क्रीनसमोर बसलेला असलो तरच देणार.