शीर्षकातला एक शब्द खोडणारा अभ्यासक्रम

शिक्षणशास्त्रातील पीएच.डी.साठी संशोधन आराखडा कसा लिहावा, हे शिकवणारा आठ आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. माध्यमिक वर्गांना गणित शिकवताना मनात घोळत राहिलेला एक प्रश्न आणि दोनदा परत आलेला आराखडा, एवढ्याच शिदोरीवर मी प्रवेश घेतला होता. तयार साचा मिळेल, त्यात आपला विषय बसवू आणि मोकळे होऊ, अशी माझी अपेक्षा होती. साचा मिळाला खरा. पण संपूर्ण अभ्यासक्रमात सर्वांत कमी उपयोगाचा भाग तोच निघाला.

पहिले दोन आठवडे केवळ शीर्षक आणि समस्या विधान, म्हणजे नेमके काय शोधायचे ते सांगणारे विधान, यांसाठी राखलेले आहेत. सुरुवातीला हे प्रमाण मला अवास्तव वाटले. माझे शीर्षक होते, ‘माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांच्या गणितविषयक चिंतेचा गणितातील संपादणुकीवर होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास’. मार्गदर्शक मॅडमनी त्यातील ‘परिणाम’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि शेजारी लिहिले, ‘हे तुम्हाला कशावरून कळणार?’ मी एकाच दिवशी चिंतेची मापिका (चिंता मोजणारी प्रश्नावली) आणि संपादणूक चाचणी, म्हणजे गणित किती आले ते तपासणारी परीक्षा, देणार होते. अशा सर्वेक्षणातून फार तर सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी सोबत कमी-जास्त होतात एवढेच, हाती लागतो. चिंता असल्यामुळे गुण घटतात, की गुण घटत गेल्यामुळे चिंता वाढते, की दोन्हींच्या मुळाशी तिसरेच काही आहे, हे त्यातून ठरवता येत नाही. ‘परिणाम’ म्हणायचे असेल तर प्रयोग तरी करावा लागेल, नाही तर त्याच मुलांचे काही काळाच्या अंतराने पुन्हा मोजमाप तरी करावे लागेल. माझा आधीचा आराखडा दोनदा का परत आला होता, ते या एका रेघेने समजले. परत पाठवणाऱ्या समितीने केवळ ‘सुधारणा आवश्यक’ एवढेच कळवले होते. ‘चिकित्सक अभ्यास’ हे शब्दही मॅडमनी खोडले. चिकित्सा न करता पीएच.डी. मिळत असेल तरच ते वेगळे सांगायला हवेत, असे त्यांचे म्हणणे होते.

संबंधित साहित्याच्या आढाव्याची सत्रे याच तोडीची होती. ‘अमुक यांनी अभ्यास केला, तमुक यांना असे आढळले’ अशी वर्षवार जंत्री म्हणजे आढावा, हा समज आपल्याकडील अनेक प्रबंधांनी पक्का केलेला आहे. येथे प्रत्येकाला बारा संशोधनांचा तक्ता करायला लावला. आडव्या ओळींत संशोधने आणि उभ्या रकान्यांत प्रश्न, नमुना, साधन, पद्धती व निष्कर्ष. लेखन मात्र ओळीवरून नव्हे, तर रकान्यावरून करायचे, अशी अट होती. ‘साधन’ या रकान्यावरून बोट फिरवताना मला माझ्याच आराखड्यातील चूक सापडली. रिचर्डसन आणि सुइन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेली गणितचिंता मापिका ९८ कलमांची होती आणि ती प्रौढ व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना समोर ठेवून तयार केलेली होती. मी ती भाषांतर करून तेरा वर्षांच्या मुलांना देणार होते. विश्वसनीयता गुणक (मापन किती भरवशाचे, ते सांगणारा आकडा) मूळ मापिकेचा आणि मुले माझ्या वर्गातली, असा तो प्रकार होता.

उद्दिष्टे, परिकल्पना, कार्यात्मक व्याख्या आणि व्याप्ती हे भाग नेटके होते. त्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. गृहीतक आणि परिकल्पना यांतील फरक मात्र येथे प्रथमच नीट स्पष्ट झाला: गृहीतक आपण मानून चालतो, त्याची चाचणी घेत नाही, परिकल्पना चाचणीसाठीच मांडलेली असते. त्याच ओघात मर्यादा आणि परिमर्यादा यांचाही उलगडा झाला. जी सीमा संशोधक स्वतः आखतो ती परिमर्यादा, आणि जी त्याच्या हातात नसते ती मर्यादा.

माझी खरी तक्रार संख्याशास्त्राच्या सत्राविषयी आहे. ते दुसऱ्या तज्ज्ञांनी घेतले आणि नमुना किती असावा, या प्रश्नावर क्रेजसी व मॉर्गन यांचा १९७० मधील तक्ता दाखवून विषय संपवला. जनसंख्या, म्हणजे ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा तो संपूर्ण गट, १००० असेल तर नमुना २७८, असे तो तक्ता सांगतो. परंतु तो जनसंख्येतील एखाद्या प्रमाणाचा अंदाज बांधण्यासाठी, यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या व्यक्तींचा विचार करून, तयार केलेला आहे. शाळेत आपण मुले सुटी सुटी निवडत नाही. अख्खे वर्ग घेतो आणि एका वर्गातली मुले एकमेकांसारखी असतात. समजा, ४० मुलांचे ८ वर्ग घेतले आणि वर्गांतर्गत सहसंबंध (एका वर्गातली मुले किती सारखी, त्याचे माप) ०.२ धरला, तर अभिकल्प परिणाम, म्हणजे वर्ग घेतल्याने नमुन्याचे मोल किती पटींनी घटते तो आकडा, १ + (३९ × ०.२), म्हणजे ८.८ येतो. कागदावरच्या ३२० मुलांचे माहितीच्या दृष्टीने मोल सुमारे ३६ स्वतंत्र मुलांइतकेच उरते. हा मुद्दा मी विचारला तेव्हा ‘तो प्रगत भाग आहे’ असे उत्तर मिळाले. ज्या विद्याशाखेतील बहुसंख्य प्रयोग वर्गांवरच होतात, तिच्या अभ्यासक्रमात हा भाग प्रगत कसा ठरतो, हे मला अजून उमगलेले नाही.

संशोधन नीतीचे सत्र चांगले असूनही अपुरे वाटले. पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नीट सांगितले गेले. पण मी ज्या मुलांना शिकवते, त्यांच्याच हाती प्रश्नावली दिली तर ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक त्यांना खरोखर असेल का, ही माझ्यासारख्या शिक्षक-संशोधकाची अडचण कोणी काढली नाही. गृहपाठात मी तसे लिहिले, तर त्यावर ‘योग्य मुद्दा’ एवढाच शेरा आला. शेवटी इतर शाळांतील वर्ग निवडायचे आणि मापिका तेथील शिक्षकांऐवजी बाहेरच्या व्यक्तीने द्यायची, असा मार्ग मीच काढला.

मसुद्यांवर अभिप्राय मिळण्याचा वेगही सारखा नव्हता. पहिल्या महिन्यात तीन दिवसांत टिपणांसह परत येणारा मसुदा पुढे दहा-बारा दिवस अडकून राहू लागला. नमुना म्हणून दिलेल्या आराखड्यात तर सामग्री संकलन नेमके वार्षिक परीक्षेच्या आठवड्यांत दाखवलेले होते, आणि तो साचा तसाच उतरवून काढणाऱ्या आमच्यापैकी तिघांनी तेच वेळापत्रक सादर केले.

ज्यांच्याकडे प्रश्न आहे पण तो कागदावर उभा राहत नाही, त्यांनी हा अभ्यासक्रम अवश्य करावा. केवळ मंजूर होईल असे शीर्षक हवे असलेल्यांची निराशा होईल. सांख्यिकीसाठी दुसरीकडे शिकण्याची तयारी ठेवावी लागेल. माझ्या शीर्षकात आता ‘सहसंबंध’ हा शब्द आहे, मापिका २० कलमांची आहे आणि तिची पूर्वचाचणी पुढच्या महिन्यात, परीक्षा संपल्यावर, घ्यायची आहे.